अर्धे पैसे सरकारचे

…आणि वर मलाच म्हणतात, ‘अगं, तुला कशाला हवी मदतनीस? तुझं घर कसं आरशासारखं!’ वरच्या मजल्यावरच्या काकू हो! आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाईंचा खुबा मोडल्यापासून मदतनीस ताई यायची, रोज तासभर. आंघोळ घालायची, केस विंचरायची, आणि न्हाणीघरातून दोघींचं असं खिदळणं ऐकू यायचं की मला हेवा वाटायचा… माझ्याशी कधी हसल्यात का त्या? तेव्हा अख्खी इमारत नाक मुरडायची, ‘परकी बाई घरात? छे!’ मग ती योजना आली, आजारी-म्हाताऱ्यांसाठी घरी मदतनीस ठेवायची. अर्धे पैसे सरकारचे! झालं! जिना धावत चढणाऱ्या या काकू, त्यांचे गुडघे एका रात्रीत गेले! समोरच्या भाऊजींना चक्कर यायला लागली, तीही सरकारी तपासणीच्या दिवशीच! का नाही येणार? अर्धे पैसे सरकारचे ना!

म्हटलं, आपणही अर्ज करू, आपल्याकडे तर खरंखुरं दुखणं आहे. पण तपासणीच्या बाई येणार म्हटल्यावर… अहो, परक्या माणसाला पसारा कसा दाखवायचा? ताईनं आणि मी मिळून जळमटं काढली, पडदे धुतले, सासूबाईंना ठेवणीतले कपडे घातले. त्या बाईंनी विचारलं, ‘आजी, घरातलं कोण बघतं?’ आणि आमच्या सासूबाई, ज्यांना कूस बदलायलाही माणूस लागतं, ताठ बसून म्हणतात कशा, ‘मीच की! सुनेला कुठलं जमतंय!’

अर्ज नामंजूर!

ताई डोळे पुसत म्हणाली, ‘वहिनी, तुमचा एक तास, काकूंकडे अख्खा दिवस… मलाही घर आहे.’ तिचं तरी काय चुकलं? अख्खा दिवस आम्हाला कुठला परवडायला! काकूंना परवडतो. अर्धे पैसे सरकारचे…

आता ताईची पावलं वरून ऐकू येतात. सासूबाई छताकडे बघत राहतात. परवा म्हणाल्या, ‘सूनबाई, मला वर नेऊन सोडतेस का गं? आंघोळीपुरतं?’ मी घालते हो आंघोळ, पाणीसुद्धा तसंच कोमट काढते… पण हसत नाहीत.

आणि त्यांचं करता करता भांडी तशीच, धुणं खुर्चीवर, कोपऱ्यात जळमटं. तपासणीला हवं होतं ना, अगदी तस्सं घर झालंय बघा आता…

पण बघायला येतंय कोण!