पर्लाच्या डोक्यावरची बाटली

नाही, मावशी, मघापासून तुझंच ऐकतेय ना, आता माझं ऐक. मला काय वाटलं होतं, सांगू? फ्रान्समध्ये इतकी वर्षं काढली, रोज मनात एकच — इथे घरी, आसुन्सिऑनला परतेन, आपल्याच नृत्य कॉलेजात शिकवीन, पोरी बुजऱ्या असतील, मी त्यांना धीट करीन. आणि दिसलं काय? पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, अंगणात पर्ला उभी — अनवाणी, डोक्यावर पाण्यानं भरलेली बाटली — आणि सगळं कॉलेज तिच्या बाजूनं ये-जा करतंय, जसा काही तिथे खांबच आहे. मी विचारलं, हा कसला सराव? तर एक पोरगी म्हणते, "सराव नाही, मॅडम. ती वर्गात हसली." हसली म्हणून! बाटल्यांचा नाच मला नवा आहे का? एकीवर एक रचून मीही नाचलेय लग्नाकार्यात, टाळ्या घेतल्यात. पण नाच वेगळा आणि हे वेगळं. बाटली पडली की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी पडली, फुटली, पर्लाच्या टाचेत काच गेली, आणि तिला उभं करणाऱ्या ग्रेगोरिया बाई, तुझ्या-माझ्या नाचाच्या गुरू, वरच्या गॅलरीतून — "रक्त पूस आणि दुसरी घे." ऐकलंस ना तू? कपडेपटाच्या दारात तर उभी होतीस. हं. बघ, आता खाली बघतेस.

मग पाच-सहा जणी माझ्याकडे आल्या. माझ्याकडेच का? तर म्हणे, "तुम्ही बाहेरच्या आहात." मी बाहेरची! जन्मले इथे, वाढले तुझ्या मांडीवर — असू दे. मी त्यांना घेऊन रुफिनो सरांकडे गेले. प्राचार्य माणूस, विचारतील, वाटलं. काल बैठक बोलावली, आणि विचारलं काय? काही नाही. म्हणाले, "आधी तेरेरेची एक फेरी होऊ दे." तेरेरेच्या पाल्यावर गार पाणी तूच ओतत होतीस, तुला कशाला सांगू. शिंगाचा एक पेला, एक नळी, सगळ्यांचे ओठ तिलाच — ज्याच्याबरोबर प्यायलो त्याच्याशी भांडण संपलं, हे मला माहीत नाही का? तुझं आणि आईचं असंच मिटायचं, मला आवडायचं ते. पण तुम्ही दोघी बहिणी होता गं! इथे एकीच्या टाचेत काच, आणि जिनं उभं केलं ती शेजारी बसून म्हणते, "घे, पोरी, तोंड सुकलंय." अख्खी खोली बघतेय. नाही म्हणेल कशी? प्यायली. मग दुसरी प्यायली, तिसरी. आणि सर हात झटकून मोकळे — "झालं! आपण सगळे एकाच घरातले."

मी? मी पण प्यायले. तहान लागली होती. अशी काय बघतेस, उकडत नव्हतं का? बरं, नव्हती तहान. बाईंनी स्वतः पेला पुढे केला, म्हणाल्या, "निमिआ, मान अजून सरळ आहे गं तुझी. माझी तयारी ती." आणि पाठ ताठ झाली, मावशी, आपोआप! बरं वाटलं मला. समोर पर्ला, पायाला पट्टी, आणि मला बरं वाटतंय! तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर चाललं असतं — बंद दुकानाकडे बघून माणूस पुढे जातो ना, तसं बघितलं.

आणि तू म्हणतेस, मिटलंय ना, कशाला उकरतेस, बाईंनी आपल्याला घडवलं. घडवलं? तुला डावीकडून हाक मारली की तू अख्खी वळतेस, मान वळतच नाही. आई म्हणायची शिवणकामानं झालं. शिवणकामानं? ... राहू दे. नको सांगूस. रडू नकोस.

आज सकाळी काय झालं ते तुला कळलं नसेल. फाटकातून आत आले तर पर्ला पुन्हा उन्हात उभी — पट्टीच्या पायावर, डोक्यावर बाटली. का? तर बाई म्हणाल्या म्हणे, भांडण मिटलं, आता अर्धी राहिलेली शिक्षा पुरी कर. मिटलं म्हणून! मी बाटली उतरवली. वरून ओरडल्या, "निमिआ, ठेव ती जागेवर!" मी म्हटलं, "बाई, खाली या आणि तुम्ही घ्या डोक्यावर." हो, असंच म्हटलं. आणि तिथेच ठरवलं — आता सरांकडे नाही, फेरी नाही. सरकारी वकिलाच्या कचेरीत तक्रार द्यायची, पहिलं नाव माझं, पोरींची मागून. नोकरी तू लावून दिलीस, ती जाईल. जाऊ दे. फ्रान्सला पळणार नाही, इथेच राहणार, त्यांच्या डोळ्यांसमोर.

पर्ला आणि तिची आई थांब्यावर उभ्या आहेत. येतेस? ... नाही ना? मग दारातून बाजूला हो, मावशी. बस येईल.