मंग आमी पानी प्याले लागलो

माझं नाव कुसुम. माहेर काटोलकडचं, लहानसं गाव, चारही बाजूनं संत्र्याचे बगीचे. माझा आबा दीक्षेच्या वेळी नागपूरले पायी आला होता, पायाले फोड आले होते म्हने, अन् वापस गेला तं घरात पहिली गोष्ट काय बोलला, का पोरीइले शाळेत धाडा. बाकी बी लय काही ऐकून आला असन, पन आमच्या बापाच्या ध्यानात तेवढंच राहिलं. म्हनून मी सातवीपर्यंत शिकली. पुढं शाळा नव्हती, तं बापासंगं बगीच्यात जाऊन फळं तोडू लागली. आता मले डोये मिटून संत्रं हातात द्या, मी सांगतो आंबिया बहाराचं आहे का मृगाचं, म्हनजे दिवाळीकडचं का होळीकडचं. खोटं नाही सांगून राहिली, पाहून घ्या कधी.

लग्न होऊन नागपुरात आली. नवरा माझा देवाजी, घराले रंग मारते, बोलनं कमी. हुडकेश्वरच्या पुढं आमी प्लॉट घेतला तवा सारी वावरं होती, सासू म्हने काहून वं जंगलात आनलं आमाले. आता पाहा, गाडी लावाले जागा नाही. तर सांगत काय होती, हाव, शेडचं. घरापासून अर्ध्या तासावर एका शेठचं संत्र्याचं शेड होतं. काटोलकडून ट्रक भरून माल येई, आमी बाया छाटनी करू. मोठं एका कॅरेटमंदी, मध्यम दुसऱ्या, डागी बाजूले. मले ते काम आवडे, खरंच आवडे. हात पिवळे होत, साडीले वास राही, बसमंदी कोनी बाजूले बसलं तं म्हने, बाई, बगीच्यातून आल्या का.

चाळीसेक बाया होतो आमी. पन नाव कोनालेच नव्हतं. टेबलाचा नंबर होता, तेच नाव. मुकादम हाक मारे, ए सात नंबर, हात चालव. मी सात नंबर. माझ्या बाजूची मैनाबाई आठ नंबर. ते रामटेककडची, कुनबी शेतकऱ्याच्या घरची, माझ्यापेक्षा दहा वर्षानं मोठी, अन् हासे अशी का टेबलावरचे संत्रे हालत. नवीन पोरगी आली का तिले मैनाबाई म्हने, नाव काय वं तुझं, आता सांगून घे, उद्यापासून कोनी पुसत नाही.

आता तुमाले सांगाले लाज नाही, तवा होती. त्या शेडमंदी बायाइले संडास नव्हता. एक होता तो हापिसाच्या मांगं, त्याले कुलूप, चाबी मुकादमाच्या खिशात, तो शेठसाठी अन् त्याच्यासाठी. आमी काय करू, तं दोघी दोघी मिळून शेडच्या मांगं जाऊ, एकीनं लुगडं आडवं धराचं, दुसरीनं बसाचं. अन् तिकडंच ट्रकवाले उभे राहत, खोकलत, गाने म्हनत. म्हनून बायाइनं उपाय काढला होता, का पानीच प्याचं नाही. सकाळी घरून अर्धा कप चहा पिऊन निघाचं, ते संध्याकाळी घरी येऊनच पानी. उन्हाळ्यात बी, मृगाचा माल संपेपर्यंत. नागपूरचा उन्हाळा काय असते ते तुमाले माहीत आहे, मी काहून सांगू. एवढे संत्रे समोर, रसाचे, अन् आमचे ओठ फाटलेले.

एक दिवस मैनाबाई टेबलापाशीच खाली बसली. पोट धरून. मी तिले अॅटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डाक्टरीनबाई तरुन होती, तपासून म्हनते, स्टोन आहे, पानी किती पेता दिवसाले. मैनाबाई म्हनते, सकाळी चहा पेतो ना. डाक्टरीनबाई एवढी रागावली, एवढी रागावली, का मलेच रागावून राहिली असं वाटलं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, दिवसभर भरपूर पानी पिने. बाहेर आलो तं मैनाबाई ते चिठ्ठी पाहून हासाले लागली अन् हासता हासता रडली. म्हनते, कुसुम, औषध तं लिहिलं, पन ते घेऊन जाऊ कुठं.

ते बोलनं मले लागलं. दुसऱ्या दिवशी मी मुकादमाले म्हनलं, भाऊ, बायाइसाठी एक संडास बांधाले सांगा शेठले. तो म्हनते, पंधरा वर्षापासून बाया काम करून राहिल्या, कोनी मांगतला नाही, तुलेच काहून पाहिजे. मी टेबलावर वापस गेली. पन आमच्या विहारात एक ताई येत, कामगार बायाइच्या संघटनेच्या, मी त्याईले सांगतलं. त्या म्हनल्या, कुसुमताई, तोंडी सांगतलेलं हवेत जाते, कागदावर मांगा, अन् एकटीनं नाही, सगळ्याइनं. मांगनं म्हनजे भीक नाही, कायद्यात आहे.

मंग मी कागद लिहिला. सातवीचं शिक्षन तिथं कामी आलं, माझा आबा असता तं खुश झाला असता. जेवनाच्या सुट्टीत एकेकीजवळ जाऊन सही घेतली. कोनी अंगठा दिला, कोनी म्हनलं मालक काढून टाकन वं. मैनाबाईनं सगळ्यात पहिले सही केली, तिले तेवढीच लिहिता येई. महिनाभर लागला, पन सह्या झाल्या साऱ्याइच्या. शेठनं कागद घेतला, वाचला, म्हनला पाहू. तो काही वाईट मानूस नव्हता, मी खोटं काहून बोलू, दिवाळीले मिठाई देई. पन त्याचं पाहू म्हनजे पाहूच. दोन महिने झाले, विटेवर वीट नाही.

अन् मंग मैनाबाईनंच डोकं लावलं. म्हनते, डाक्टरनं सांगतलं ना पानी प्या, चला तं मंग पिऊ. सगळ्याच पिऊ. आमी म्हनलं, अन् मंग. ते म्हनते, मंग जे होईन ते शेठ पाहीन, त्यानंच म्हनलं ना पाहू.

काय सांगू तुमाले, त्या दिवशी एकूनएक बाई घरून पान्याची बाटली भरून घेऊन आली. कोनी दोन. टेबलावर संत्रे छाटाचे अन् घोट घ्याचा. मुकादम पाहे अन् त्याले काही समजे नाही, पानी प्याले काय म्हनन. दहाच्या पुढं मैनाबाई उठली, गेली सिधी हापिसात, म्हनते, भाऊ, चाबी द्या. तो म्हनते, नाही भेटत. ते म्हनते, बरं, मी उभी राहातो. तिच्या मांगं मी, माझ्या मांगं नऊ नंबर, पाहता पाहता हापिसापासून फाटकापर्यंत लाइन लागली. टेबलं रिकामे. ट्रकवाले खाली उतरून पाहाले लागले, गाने बंद.

मुकादम काही चाबी देईना. मी म्हनलं, चला वं, शेठच्या बंगल्यावर जाऊ. बंगला तिथूनच दिसे, शेडच्या पलीकडं. आमी सगळ्या निघालो, भांडन नाही, नारा नाही, कारन घाई होती. दार शेठच्या आईनं उघडलं. सत्तरीची म्हातारी, हातात जपाची माळ. एवढ्या बाया पाहून घाबरली. मी हात जोडले, म्हनलं, आजी, तुमच्या शेडमंदी आमी काम करतो, तिथं बायाइले संडास नाही, तुमचा वापरू द्या. म्हातारी म्हनते, नाही म्हनजे. मी म्हनलं, नाही म्हनजे नाहीच आजी. म्हातारी दाराच्या बाजूले सरकली, म्हनते, चपला बाहेर काढा, एकेक जा, घाई करू नका. एवढंच. अन् खुर्ची घेऊन तिथंच बसली, साऱ्याइचं होईपर्यंत. शेठ आला धावत, तं त्याले आमच्यासमोर म्हनते, तुझी बहीन दिवसभर अशी थांबून राहिली असती का रे.

तुमाले वाटन झालं काम. कुठचं झालं. दुसऱ्या दिवशी फाटकावर मुकादम उभा, म्हनते, सगळ्याइनं आत जावा, सात नंबरनं नाही. सात नंबरचं काम बंद. मी उभीच राहिली. आता कोनाले काय सांगू, घरी काय सांगू. मी वळली बी होती घरी जाले. तं मैनाबाई फाटकात थांबली, म्हनते, सात नंबर कोन, इथं तं कुसुम आहे. अन् बसली खाली रस्त्यावर. तिच्या बाजूले दुसरी, तिसरी. एक बी आत गेली नाही. मी म्हनलं, अवं जा ना, तुमचं बी जाईन. त्या ऐकेच ना. ज्या सही कराले भेत होत्या ना, त्याच पहिले बसल्या.

संध्याकाळी देवाजीले सांगतलं. मले वाटलं रागावन. त्यानं ऐकून घेतलं, अन् म्हनते, उद्या डबा मी करून देतो, तू लवकर जा. लग्नाले पंचवीस वर्ष झाले होते, पहिल्यांदा त्याच्या हातची भाजी खाल्ली. खारट होती. सगळ्याइनं वाटून खाल्ली फाटकावर.

तीन दिवस बसलो. आत ट्रक उभे, संत्रं काही कोनासाठी थांबत नाही, नरम पडाले लागलं. संघटनेच्या ताई आल्या, कामगार हापिसातून एक साहेब आले. अन् शेठनं मले आत बोलावलं, खुर्ची दिली, म्हनते, बोला, काय पाहिजे. मी म्हनलं, मी एकटी नाही बोलत, पाच जनी बसू. बसलो. कागदावर लिहून घेतलं: बायाइसाठी वेगळे संडास, आतून कडी. बसाले स्टूल. पोटुशी बाई असन तं तिले काढाचं नाही, बसून कराचं काम द्याचं. कोनी घान बोललं, हात लावला, तं तक्रार घ्याले समिती, त्यात आमच्या बी बाया. कोनाले नंबरनं हाक नाही. अन् कुसुमले परत घ्याचं, हे मैनाबाईनं लिहाले लावलं, मी तं विसरलीच होती.

संडास बांधून झाले तवा आमी दाराले संत्र्याच्या पानाचं तोरन बांधलं, हासा पाहिजे तं. आत पहिले मैनाबाई गेली. अन् मुकादम, बिचारा, आठ म्हनाले जाये अन् जीभ चावे, म्हने, ए आ, मैनाबाई. आमी हासून हासून बेजार.

आता मैनाबाई घरी असते, नातू खेळवते, तब्येत बरी आहे. माझे गुडघे दुखते, पन मी जाऊन राहिली कामावर. दर इतवारी दुसऱ्या शेडच्या बाया, घरकामाच्या बाया अन् आमी विहारात जमतो, कोनाचं काय अडलं ते पाहतो. सारंच जमते असं नाही. एका शेडवाल्यानं अजून दाद दिली नाही, त्याच्याकडं चकरा सुरूच आहे.

अन् मागच्या महिन्यात काय झालं, आमच्या शेडमंदी एक नवीन पोट्टी लागली, वीस बावीसची. तिसऱ्याच दिवशी कागद घेऊन फिरून राहिली, का संडासातला बल्ब गेला, दोन दिवस झाले कोनी पाहत नाही, हे चालनार नाही. माझ्याजवळ आली. मी कोन, काय, तिले काही माहीत नाही. म्हनते, मावशी, सही येते का तुमाले, नाहीतर अंगठा द्या, भेऊ नका. मी म्हनलं, येते बाई. अन् तिनं बोट ठेवलं तिथं, अकराव्या नंबरवर, सही केली. तिले काहीच सांगतलं नाही मी. काहून सांगू. तिले हे सारं पहिलेपासूनच असते असं वाटते, वाटू द्या. खूप जगो पोरगी, अन् अशीच कागद घेऊन फिरो.