डाव्या बाजूचा क्लच

मानसिंग : बघून झालं असेल तर गिअरबॉक्सचं झाकण लावतो, याकूबभाई. आतल्या सगळ्या पट्ट्या जळून कोळसा झाल्यात. वास येतोय ना?

याकूब : येतोय. मुंबईला एसटीडी लाव म्हटलं हुतं तुला.

मानसिंग : लावला की. तो सामानवाला हसला. म्हणाला, असली ऑटोमॅटिक पिकअप आणलीत कुठनं? सामान जपानवरनं मागवावं लागतं, सहा महिने धरून चला.

याकूब : सहा महिन्यांत तासगावच्या बागांत घड ऱ्हायचा न्हाई. द्राक्षं आत्ता तयार हायत, पेट्या आत्ताच न्ह्याच्या.

रहिमतबी : मानसिंगदादा, मला एक कळंना. मागल्या आठवड्यात कोरेगावला भनीकडं जाऊन आलो तवा गाडी चांगली पळत हुती. येकाएकी काय झालं?

याकूब : तुझ्या भावाला इचार.

रहिमतबी : यासीनला कशाला मधी आनताय?

मानसिंग : वहिनी, ह्या गिअरबॉक्सला लाल, पातळ तेल लागतं. यासीननं ते बघितलं आणि त्याला वाटलं, तेल पार वापरून पातळ झालंय. त्यानं ते ओतून टाकलं आणि ट्रॅक्टरला घालतो ते जाड तेल भरलं. तेवढ्यावर संपलं सगळं.

रहिमतबी : दाजी तापानं पडल्यात, उठायच्या आत गाडी तयार करून ठिवू म्हनला. धुतली, पुसली, तेल बदललं. भल्यासाठीच केलं त्यानं.

याकूब : व्हय. लय भलं केलं.

मानसिंग : त्याच्यावर राग धरू नका. सांगलीतल्या निम्म्या मिस्त्रींनी तेच केलं असतं. आता पुढचं बोलू. जीपचा साधा गिअरबॉक्स भंगारात बघून ठेवलाय, एकदम घट्ट आहे. लेथवर शाफ्ट कापून घेतो, तळाचा पत्रा कापून गिअरचा दांडा वर काढतो. आठवड्यात गाडी रस्त्यावर येईल.

याकूब : अन् क्लच?

मानसिंग : क्लच लागणारच. साध्या गिअरला त्याशिवाय चालत नाही.

याकूब : कुठल्या पायानं दाबू?

मानसिंग : याकूबभाई...

याकूब : न्हाई, तू सांग मला. कंपनीच्या बोगद्यात कामावर असताना दगड पडला, डावा पाय मांडीपास्नं गेला. कंपनीचं साहेब लोक गाशा गुंडाळून निघालं तवा म्हनलं, याकूब, ही गाडी तू घे. हिला क्लच न्हाई, एका पायावर चालती. म्हनून घेतली. आता तू तिला क्लच बसवतोस.

मानसिंग : तो जयपूरचा नकली पाय लावता ना तुम्ही?

याकूब : त्यो चालायला ठीक हाय. पेडलवर ठिवला की घसरतो. दाबलं का न्हाई, तेबी कळत न्हाई मला.

मानसिंग : मग हातानं दाबायचा करू? तार ओढून वर आणतो.

याकूब : एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर. तिसरा कुठनं आनू?

मानसिंग : तर मग ड्रायव्हर ठेवा. दुसरं काय सांगू मी?

याकूब : अन् मी मागं द्राक्षाच्या पेट्या धरून बसू? त्यापरीस इकून टाक गाडी. पाय गेला तवा कॉटवर पडून छपराचं पत्रं मोजत हुतो मी. लोक येत, बघून जात. मला परत त्या कॉटवर जायचं न्हाई, मानसिंग. त्यापरीस मेलेलं बरं.

रहिमतबी : असं वंगाळ बोलू नका. दादा, ती गाडी शिकवत्यात न्हवं? त्यातला मास्तर शेजारी बसतो, त्याच्याबी पायाखाली कायतरी असतंय. मी बघितलंय एसटी स्टँडम्होरं.

मानसिंग : असतं. जोडपेडल म्हणतात. शिकणारा गडबडला की मास्तर दाबतो.

रहिमतबी : मग त्येच बसवा ह्या गाडीला. डाव्या बाजूला मी बसंन.

याकूब : काय?

रहिमतबी : तुमी ब्रेक मारा, गिअर टाका. क्लच मी दाबते.

मानसिंग : एक दांडी वाढवून घेतली की बसेल. अवघड नाही काही.

याकूब : तुमी दोघं माझी चेष्टा करताय काय? गाव काय म्हनंल? याकूबची गाडी बायकूच्या पायावर चालती म्हनंल.

रहिमतबी : म्हनू द्या. तुमी पडून हुता तवा त्या गावातलं कोन भाकरी घेऊन आलं दारात? मला ठाऊक हाय, कोन आलं अन् कोन न्हाई.

याकूब : रोज पाटं उठून बागंत जावं लागतं, रहिमत. बाप्यांचं काम हाय.

रहिमतबी : पाटं मी तुमच्या आदी उठते. कवा बघितलंय का? आवं, येक सांगू? पायाचं पट्टं बांधताना तुमी दार लावून घेता. मी भाईर हुबी ऱ्हाते. पट्ट्याचा आवाज येतो, मधीच तुमचं कन्हनं येतं. इतकी वर्सं मी दाराभाईर हाय. आता तरी मला आत बसू द्या.

मानसिंग : ...कामाला लागू का मग?

याकूब : लाग. काय करायचं त्ये कर.

(पुढच्या आठवड्यात. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात गाडी चालू आहे; याकूब स्टिअरिंगवर, डावीकडे रहिमतबी. मानसिंग खिडकीला धरून उभा आहे.)

मानसिंग : वहिनी, पूर्ण दाबा. टेकेपर्यंत. आता सोडताना सावकाश... सावकाश म्हटलं ना.

याकूब : झाली बंद. परत बंद पडली.

रहिमतबी : लय जड हाय ह्यो, दादा. गुडघ्यापतूर कळ जाती.

मानसिंग : नवीन प्लेट आहे, जड जाणारच. चला, पुन्हा. हां, निघाली. असंच जाऊ द्या. याकूबभाई, पुढं भिंत आहे. भिंत, भिंत—

याकूब : या अल्ला. बघितलंस? हातभर ऱ्हायली. ब्रेक मारला तर दाबायला नगं? बघत काय बसलीस?

रहिमतबी : तुमी बोलला न्हाई. गुमान ब्रेक मारला. मला कसं कळनार?

याकूब : सांगायची सवय न्हाई मला.

रहिमतबी : ते काय मला नवं हाय? पाय गेल्यापास्नं कालवनात मीठ नसलं तरी सांगत न्हाई तुमी. तसंच जेवून उठता.

याकूब : बास झालं. उतर खाली. मानसिंग, गिऱ्हाईक बघ ह्या गाडीला. माझ्यानं व्हनार न्हाई.

मानसिंग : याकूबभाई, जरा दमानं घ्या. पहिलाच दिवस आहे.

याकूब : तुझं हात-पाय धड हायत, तुला काय जातंय दमानं घ्या म्हनायला. उतर म्हटलं न्हवं, रहिमत?

रहिमतबी : मी उतरत न्हाई. तुमाला उतरायचं असंल तर उतरा. काठी मागं ठिवलीय.

याकूब : ...रडतीस काय?

रहिमतबी : व्हय, रडते. रडत रडतबी दाबता येतंय.

मानसिंग : मी जरा पाणी पिऊन येतो.

याकूब : रहिमत, मला भ्या वाटतं. उद्या तू आजारी पडलीस, माहेराला गेलीस, तर? मी पुन्हा लुळाच.

रहिमतबी : त्या दिशी गाडी निघायची न्हाई. बाकीच्यांच्या गाड्याबी बंद असत्यात की कवातरी. तुमच्या एकट्यालाच रोज निघायचं बंधन हाय व्हय?

याकूब : तुझा पाय दुखतोय.

रहिमतबी : दुखू द्या. तुमचा गेल्याला पाय रातचा ठनकतो, तवा मी कधी झोपा म्हटलंय का तुमाला?

याकूब : ...म्हंजे तू जागी असतीस?

रहिमतबी : चालू करा गाडी.

याकूब : बरं. ऐक मग. मी दाब म्हटलं की दाब. सोड म्हटलं की मनात धापतूर मोजत सोड. दाब. पयला टाकला. सोड.

रहिमतबी : सोडते... निघाली का?

याकूब : निघाली. आता दुसरा. दाब. सोड. बरूबर. ब्रेक मारतोय, दाब. बरूबर हाय.

मानसिंग : (परत येऊन) आता फाटकातनं बाहेर काढा. तासगावच्या बाळासोंच्या बागेतनं सकाळपासनं निरोप येतायत, माल तोडून ठेवलाय म्हणे.

याकूब : मानसिंग, रस्त्यावर बंद पडली तर?

मानसिंग : तर पुन्हा चालू करा. जा आता.

(रस्त्यावर. गाडीत दोघंच.)

याकूब : दाब, रहिमत. म्होरं यष्टी हाय, तिला जाऊ दे. दाबून धर... सोड. दुसरा. दाब. सोड. तिसऱ्याला दाब.

रहिमतबी : बुधगाव गेलं न्हवं मागं?

याकूब : गेलं. दाब, चौथा टाकतो. सोड. झालं. आता रस्ता मोकळा हाय, पाय काढ अन् बस निवांत. लांबपतूर क्लच लागत न्हाई. काय बोलायचीबी गरज न्हाई.

रहिमतबी : असू द्या. पाय हितंच बरा हाय. तुमी बोला.