भरलेले वाफे

—नाही नाही, बसा ओ, पण ते पेन आधी खिशात घाला. पुस्तक लिहा नाहीतर पिक्चर काढा, मला काय! माझ्या दाजींचा खून झाला—बहिणीच्या नवऱ्याचा—आणि सगळ्या गावानं मलाच धरलं, हे ऐकूनच आला असाल. का? तर म्हणे माझं डोकं गरम. अहो, आहेच! ताईच्या पाठीवर वळ बघितले तेव्हा भर बाजारात गचांडी धरली होती त्यांची, म्हटलं पुन्हा हात लावलात तर गाडून टाकीन. बोललो. पण बोलणारा मारतो होय? त्या सकाळी मी लोहाराकडं नांगराचा फाळ ठोकून घेत बसलो होतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. फौजदारानं चार कानफटात दिल्या नि सोडलं.

तुम्ही म्हणता चोर असेल. चोर! दाजींच्या कांद्याच्या रानातनं काय नेणार—ढेकळं? लोहाराकडनं परतताना तिथं पहिला पोचलो मी. दाजी पाटात पालथे, डोकं मागून फुटलेलं. मोटर बंद. आणि रान बघतो तर सगळे वाफे काठोकाठ भरलेले, एकही फुटलेला नाही. तुम्ही म्हणाल, दाजींनीच पाणी दिलं आणि मग मेले. नाही ना! खालच्या वाफ्यांतलं पाणी लाल होतं. आमची माती काळी आहे, काळी!

खून करून माणूस पळतो. पळतोच. पण पाणी चालू असलं, वाफा भरत आला असला, तर शेतकऱ्याचा पाय निघत नाही ओ—अंगात भिनलेलं असतं ते—हा भरला, याचं तोंड बंद कर, पुढच्याचं फोड—मढ्याशेजारी उभं राहून, शेवटचा वाफा भरेपर्यंत! मग मोटर बंद करायची नि घरी जायचं. आणि तोंडं बंद केलेली कशी—चिखलात गवताचा झुबका दाबून, मुळं वर. गावात सगळे नुसता चिखल ओढतात, तो वाहून जातो. गवताची रीत आमच्या आईची. तिनं दोघांनाच शिकवली, मला आणि—

पाणी पिणार?

ती तोंडं मी लाथांनी मोडली, शिपाई यायच्या आत. सगळी. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलो, म्हणून तर संशय पक्का झाला माझ्यावर. झाला तर झाला! बघताय काय असं?

ताई आता माझ्याकडंच असते. बरी आहे. वळ गेले, कधीमधी गाणंही म्हणते. रानात पाणी द्यायला येते—वाफा भरला की वाकते, गवत उपटते—मी पाठ करून उभा राहतो. विचारलं नाही मी तिला कधी. कसं विचारू? हो म्हणाली तर? तिच्या हातचं जेवतो ओ मी.

काय? मी कुठं ताईचं नाव घेतलं? माझ्या तोंडी कसले शब्द घालताय? बहीण आहे ती माझी, आयुष्यात पहिल्यांदा पाठ टेकून झोपतेय! पुस्तकात खुनी लागतोच ना तुम्हाला? मग मला करा. गरम डोक्याचा माणूस, शोभून दिसतो. लोकांना पटेलही—

—कोणी नाही गं ताई! बियाणेवाला आहे. नको, चहा नको त्याला, निघालाच तो.

निघा.