दिवस मावळायच्या आत

माझ्यापुढची भजी उचला गं, दिवस मावळल्यावर मी काय खात नाय.

डॉक्टरनं वजन उतरवा म्हणून सांगितलं व्हतं, पण मला एकटीला जमंना. तवा जुन्नरच्या बाजारात आमच्या शेजारी किराणा दुकानवाल्या कांचनभाभी ऱ्हायच्या, जैन. त्या म्हणाल्या, "सुमन, रोज दिवस मावळायच्या आत माझ्यासंगं जेवायचं."

लागले जेवायला. महिन्यानं त्यांनी मला दुकानातल्या गव्हाच्या काट्यावर उभं केलं, तर वजन वाढलेलं!

"घरी जाऊन परत जेवतेस का काय?"

"मंग? ह्यांना एकट्याला जेवण जात न्हाई."

भाभी हसून हसून पोत्यावरच बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ह्यांनाबी जेवायला बोलावलं. मंग उतरलं की वजन!

आता भाभी लेकाकडं चेन्नईला ऱ्हायला गेल्यात. तिकडं दिवस आपल्या आधी मावळतो. रोज त्यांचं जेवण झालं की फोन येतो, "माझा दिवस मावळला गं. तुझा हाय का अजून?"

मी ताट घेऊन दारातच बसलेली असते. म्हणते, "हाय थोडा. या की जेवायला."