राणीनं आधी स्वतःला टोचून घेतलं

—घ्या की हातात, काही होत नाही. माझ्या नवऱ्यानं, उल्हासनं, आधी मऊ फडकं पुढं केलं असतं, मी काही करत नाही. तुम्ही एवढे डब्लिनहून नावनला आलात संग्राम, नीट बघा तरी. तांब्याचं मेडल आहे. पुढं रशियाची कॅथरीन राणी, मागं परत तीच, शेजारी तिचा मुलगा— आणि तो मेलेला साप म्हणजे देवीचा रोग. फार कमी उरलीत म्हणे अशी. केल्सकडं एका जुन्या घराचा लिलाव होता, उल्हास बुकशेल्फ बघायला गेला आणि हे घेऊन आला. बुकशेल्फ राहिलंच. साखर किती? बरं.

त्यावर कोरलेल्या अक्षरांचा अर्थ— हिनं स्वतः करून दाखवलं, असा काहीतरी. तेव्हा देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू दुसऱ्याच्या दंडात टोचायचे, म्हणजे रोग हलका येऊन जायचा. लोक घाबरणारच ना? तर ही म्हणाली, आधी मला टोचा. मग मुलाला. उल्हासला याचं भारी कौतुक— येईल त्याला सांगायचा. प्लंबरलासुद्धा.

का विकतोय? असंच, पसारा कमी करायचा. पैशांचं नाही हो. उल्हासला तरी कुठं वेळ आहे, हॉस्पिटलमध्ये ड्यूटी—

वर ना? हो, पावलं वाजली. उल्हासच आहे. ड्यूटी म्हणायची सवय लागलीय मला. कोविडनंतर गेलाच नाही तो कामावर.

आता काय लपवायचं— पहिल्या लाटेत त्या वॉर्डात कोण जाणार, असं चाललं होतं. बाकीच्यांची मुलं लहान, हा म्हणाला, मी जातो. लस कुठं होती तेव्हा? मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. पण घरात सासूबाई होत्या. साताऱ्याकडून थोड्या दिवसांसाठी आलेल्या, विमानं बंद झाली, अडकल्या. मी उल्हासला म्हटलं, तू बाहेर खोली घेऊन राहा. तर आईच म्हणाल्या, “दमून येतंय पोरगं, गरम भाकरी नको व्हय त्याला?” मग राहिला. गॅरेजमध्ये कपडे बदलायचा, आंघोळ करूनच आत, मास्क, लांब बसणं— सगळं केलं त्यानं. तरी आईंना ताप आलाच. त्याच्याच वॉर्डात नेलं. शेवटी त्यांचा हात त्यानंच धरला होता, ग्लोव्ह्ज घालून.

तेव्हापासून वर बसतो आणि हे पुसतो. आईंचं नाव नाही काढत. मी काढलं तर उठून जातो. राणीनं स्वतःला टोचून घेतलं, ठीक आहे— पण तिच्या घरात म्हातारं कोणी होतं का, ते कुठं कोरलंय? चिडून बोलतेय मी. खरं तर चिडायचाही कंटाळा आलाय आता. जाहिरात त्याला न विचारताच टाकली. तुम्ही न्या, आत्ताच न्या, मी सांगेन त्याला काहीतरी—

उल्हास. ये ना. हे संग्राम. हो— मीच बोलावलं त्यांना. तुला सांगणार होते. नाही, सांगणार नव्हते.

बस की. चहा ओतू? मूळचे कुठले? सांगा ना संग्राम, तो तुम्हालाच विचारतोय. कराडचे? बघ, कराडचे आहेत.

काय म्हणालास? आई? हो रे, मसूरच, कराडजवळचं— आईंचं माहेर मसूरच.

उठू नका संग्राम. मेडलचं राहू दे, नंतर बघू. त्याला बोलू दे. मी गप्प बसते.