शंभर रुपयांची कपात आणि चंदामायचा डबा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर सापडल्याशिवाय प्रसाद नाही! जो आपल्या ताटात वाढतो तो आपला, हे रांगत्या लेकरालाही कळतं. पण जो आपल्या ताटातलं कमी करतो, तो कोण? परका? वैरी? — बोला की! बायामाणसांनो, तुम्ही तरी बोला. गोरखबुवा, तुम्ही राहू द्या, तुमचा हात मृदंगावर आहे पण डोळा मघाशीच लागलाय.

नाही ना सांगता येत? मग गोष्ट ऐका. आज पुराणात जात नाही. आपल्यासारखंच एक गाव, नाव धरा बोरखडी. त्या गावात चंद्रभागाबाई नावाची एक म्हातारी, सगळा गाव तिला चंदामाय म्हणायचा. तिचा लेक दिगंबर. मास्तरकी सोडून राजकारणात गेला, आमदार झाला, आणि होता होता विधानसभेत आपल्या पक्षाचा गटनेता झाला. गटनेता म्हणजे पक्षाचे जेवढे आमदार तेवढ्यांचा म्होरक्या. पण पक्ष विरोधातला बरं का! म्हणजे बसायला पुढची खुर्ची, आणि तिजोरीची किल्ली समोरच्याच्या कमरेला.

चंदामायच्या शेजारी निवृत्तीचं केस कापायचं दुकान, आणि दुकानामागे घर. घरात तो आणि बायको शेवंता, दोघंच. शेवंताच्या किडन्या गेल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला जिल्ह्याला न्यायचं, मशीनवर रक्त धुवून आणायचं. सोमवारी दुकान बंदच असतं, पण गुरुवारची कमाई बुडायची. जायचं पहाटे, यायचं दिवेलागणीला. बिचारी परत यायची ती पिळून काढलेल्या धुण्यासारखी होऊन.

आता गंमत ऐका — गंमत कसली, दुखणंच ते. तसलंच मशीन तालुक्याच्या दवाखान्यात येऊन पडलं होतं. आलं, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि वर कापड घातलं ते घातलंच! का? तर मशीन चालवणाऱ्या माणसाची जागाच मंजूर नाही. आहे की नाही कमाल? नवरी आणली आणि घराला दारच ठेवलं नाही.

अशा बाईला जेवायला काय चालतं? मीठ नाही. पापड-लोणचं नाही. भाजी आधी उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग उरलेली फोडणीला टाकायची. डॉक्टरनं हे सगळं सांगितलं, शेवंताच्यानं ते करवेना, आणि निवृत्तीला कात्रीपलीकडे काही धरता येईना. मग चंदामायनं पदर खोचला. रोज दुपारी, आणि मशीनच्या दिवशी पहाटेच, तिचा डबा शेवंताच्या उंबऱ्यावर यायचा. आत दोन भाकरी आणि अळणी भाजी. शेवंता खायची आणि म्हणायची, माय, तुझ्या हाताला चव आहे, मीठ नसलं तरी कळतं.

मंडळी, इथपर्यंत सगळं गोड होतं. आता अळणीची गोष्ट खारट होते.

मार्च महिना. तिकडे मुंबईत अर्थसंकल्पाचं अधिवेशन, इकडे निवृत्तीच्या दुकानात त्याच्यावर चर्चा. आपल्याकडे विधानसभा दोन — एक मुंबईला आणि एक न्हाव्याच्या दुकानात! आणि खरं सांगू? दुसरीत हजेरी जास्त असते. तर पोलीस पाटील खुर्चीत बसलेले, तोंडाला फेस, अर्धी दाढी झालेली. बाकावरच्या एकानं पेपर मोठ्यानं वाचायला घेतला. बातमी काय? आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागणीत शंभर रुपयांची कपात करावी, अशी सूचना दिगंबररावांनी मांडली.

निवृत्तीचा वस्तरा थांबला. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. दुकानात आरशाशेजारी विठ्ठल-रखुमाई, त्यांच्याखाली दिगंबररावांचा फोटो, रोज सकाळी तिघांना एकच उदबत्ती. निवृत्तीनं हात पुसले, फोटो काढला आणि तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात ठेवला. म्हणाला, "मशीनला माणूस मागायचा होता, तर हा आहे त्यातलंच कमी करा म्हणतो. शंभर रुपये! माझ्या शेवंताचे शंभर रुपये जड झाले ह्याला."

आणि दुकान बंद करून निघून गेला. पोलीस पाटील तसेच! एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर जंगल. त्या अवतारात ते गावभर ज्याला त्याला बातमी सांगत फिरले. संध्याकाळपर्यंत गावानं निकाल लावून टाकला — आपलाच माणूस उलटला. आपल्याला निकाल लावायला किती वेळ लागतो हो? अर्ध्या दाढीएवढासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चंदामाय डबा घेऊन आली, तर निवृत्ती दारात आडवा. म्हणाला, ह्या घरचं अन्न आता आम्हाला नको. म्हातारी डबा तसाच घेऊन माघारी गेली.

रात्री लेकाचा फोन आला, तेव्हा तिनं विचारलं, बाळा, तू असं केलंस का? दिगंबर म्हणाला, "माय, आमच्या सभागृहाची रीतच उफराटी आहे. खर्च वाढवा असं आम्हाला मांडता येत नाही, तो हक्क सरकारचा. आम्हाला फक्त कमी करा म्हणता येतं. म्हणून शंभर रुपये कमी करा म्हणायचं. ते कुणी कमी करत नाही गं. पण त्या निमित्तानं उभं राहून विचारता येतं, मशीन आहे तर माणूस का नाही? मग मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं."

म्हातारी म्हणाली, मग गावात येऊन हेच सांग की. तर तो म्हणाला, सूचना पुकारली आणि मी जागेवर नसलो, तर ती बुडाली. मग पुढच्या मार्चपर्यंत मशीनवर कापडच. गाव शिव्या देतोय ना, देऊ दे.

चंदामायनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "कळलं मला. जेवलास का तू?"

आई हो, आई! राज्याचा अर्थसंकल्प एकीकडे, आणि लेक जेवला का हे एकीकडे.

तिनं गावात सांगून पाहिलं. कोण ऐकतो? आईच ती, लेकाची बाजू घेणारच, म्हणाले. तरी रोज दुपारी डबा उंबऱ्यावर यायचा, आणि रोज झाकण न उघडता परत जायचा.

निवृत्ती आता स्वतः रांधायला लागला. शेवंता म्हणाली, अहो, एकदा तरी चवीचं घाला. त्याचा जीव कळवळला. चिमूटभर मीठ टाकलं. तिनं मिटक्या मारत खाल्लं, तर ह्याच्या डोळ्यांत पाणी! दुसऱ्या दिवशी दोन चिमटी, तिसऱ्या दिवशी पापड. मंडळी, प्रेमानंच घालत होता हो, वैरानं नाही. पण शेवंताचे पाय सुजले, चेहरा सुजला, आणि एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. कुणाची तरी जीप काढली, जिल्हा गाठला. डॉक्टर विचारतात, मीठ कुणी दिलं? निवृत्ती भिंतीला टेकून म्हणाला, मीच दिलं.

पांडुरंगाची कृपा, बाई वाचली. तोंडावरचा मास्क निघाल्यावर पहिलं वाक्य काय बोलली? चंदामायचा डबा आणा.

आता निवृत्तीची पंचाईत! कोणत्या तोंडानं जायचं? पण गेला. भर दुपारी चंदामायच्या दारात खाली मान घालून उभा राहिला. म्हातारी एकटी जेवायला बसली होती. ती रागावली नाही. शेवंताचं विचारलं, देवाला हात जोडले, आणि म्हणाली, उपाशी दिसतोस, आधी दोन घास खा. आपल्याच ताटातली अर्धी भाकरी आणि भाजी त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं घास घेतला आणि थांबला. भाजीला मीठ नाही. म्हणाला, माय, शेवंताची भाजी मला वाढलीस का? तुझी कुठाय?

"हीच माझी," म्हातारी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हीच. पोरीला अळणी घालायचं आणि आपण चवीनं खायचं, मला घास उतरेना रे."

मंडळी... निवृत्तीच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला डबा आठवला, परत पाठवलेला. पेपर आठवला. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "कमी करणारा प्रत्येक जण काढून घेणारा नसतो, निवृत्ती. तुझ्या शेवंताच्या ताटात मी दुसरं काय करत होते?"

त्याच आठवड्यात सभागृहात सूचना पुकारली गेली. दिगंबरराव जागेवर होते. मंत्र्यांना उठावं लागलं, आणि जागा मंजूर करतो असं सगळ्यांदेखत बोलावं लागलं. दिगंबररावांनी सूचना मागे घेतली. ते शंभर रुपये कुणी घेतले नाहीत, कुणी दिले नाहीत! पावसाळ्याच्या आत तालुक्याच्या मशीनवरचं कापड निघालं. शेवंता सकाळी जायची आणि दुपारी जेवायला घरी असायची. अळणी जेवायला, चंदामायच्या शेजारी बसून.

पुढे दिगंबरराव गावी आले, तेव्हा आधी निवृत्तीच्या खुर्चीत येऊन बसले. फोटो केव्हाच जागेवर गेला होता. निवृत्तीनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि माफी मागायला तोंड उघडलं. दिगंबरराव म्हणाले, "माझी अर्धीच ठेवून जाऊ नको म्हणजे झालं."

आता तुमच्याकडे वळतो. कुणी म्हणेल, महाराज पुढाऱ्यांची बाजू घ्यायला लागले. छे हो! कमी करून स्वतःच्या खिशात घालणारेही आहेत, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. मग खरा कोणता, खोटा कोणता? त्याचं भाषण ऐकू नका, पेपरातली एक ओळ ऐकून वस्तरा टाकू नका. त्याचं ताट बघा. आपल्याला अळणी वाढणारा स्वतः काय जेवतो, ते बघा. दिगंबररावांच्या ताटातून गावाची माया कमी झाली होती, ती त्यांनी मुकाट्यानं सोसली. हीच माझ्या प्रश्नाच्या उत्तराची खूण.

आणि विधानसभा लांब राहिली. तुमच्या घरात असं कुणी नाही? लेकाच्या शिक्षणासाठी आपली हौस मारलेला बाप, सगळ्यांचं झाल्यावर खरवड खाणारी आई, पथ्य एकाचं आणि पाळणारी दुसरीच? आहे. प्रत्येक घरात आहे, आणि आपण कधी तिच्या ताटात वाकून पाहिलेलं नाही. कीर्तन संपलं, वीणा खाली ठेवतो. प्रसाद घ्या, पण तेवढ्यावर पोट भरू नका. घरी जा, आणि तिच्या ताटातला एक घास मागून खा.